कपाकडे बघायचं नाही

पेला निळ्या रंगाचा होता. दोन्ही बाजूंना कान, वर घट्ट झाकण, आणि झाकणातून बाहेर आलेली एक चोच. दुकानात असले पेले तान्ह्या मुलांच्या सामानाजवळ मांडलेले असतात. सुनेने तो आणला, मुलाने धुतला, त्यात चहा ओतला आणि कप्तानांच्या हातात दिला. कप्तानांनी आधी पेल्याकडे पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं, आणि पेला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिला.

"बाबा, यातून सांडत नाही."

"ठाऊक आहे. तुला मी असल्यातूनच दूध पाजलंय."

मुलगा हसला. त्याला वाटलं, बाबा गंमत करताहेत. सगळा घोळ इथेच होतो. म्हातारा माणूस चिडला की लोकांना वाटतं गंमत करतोय, आणि त्याने खरोखर गंमत केली की वाटतं डोक्यावर परिणाम झालाय. चहा निवला. त्यावर साय धरली. संध्याकाळी सुनेने तो मुकाट्याने ओतून दिला.

आता हे कप्तान कोण, ते सांगायला हवं. जहाजाचे नव्हेत, फौजेतलेही नव्हेत. कोर्टासमोरच्या हॉटेलात ते वेटर होते. माणसं म्हणतात, उभं आयुष्य घालवलं. यांनी ते खरोखरच उभ्याने घालवलं. सकाळी कोर्ट उघडायच्या आधी हॉटेल भरायचं आणि कोर्ट सुटल्यावर पुन्हा भरायचं. खटला जिंकलेला माणूस सगळ्यांसाठी कॉफी मागवायचा, हरलेला नुसतं पाणी पिऊन उठायचा, आणि कप्तान दोघांच्याही पुढ्यात सारख्याच अदबीने ग्लास ठेवायचे. अंगावर साधा पांढरा सदरा असायचा, पण चालणं असं, की आत कोणी इस्त्रीची पट्टी शिवली असावी. कप्तान हे नाव वकिलांनीच ठेवलं. वकिलांनी ठेवलेलं नाव कोण खोडणार?

त्या हॉटेलच्या मालकाचे नियम थोडेच होते. नवा वेटर आला की पहिल्याच दिवशी त्याला काठोकाठ भरलेले कप ट्रेमध्ये देऊन मालक सांगायचे, "कपाकडे बघायचं नाही. कोणत्या टेबलावर जायचंय, तिकडे बघायचं." नवा माणूस हटकून कपाकडे बघायचा. कपाकडे बघितलं की हात घाबरतो, हात घाबरला की बशीत तळं साचतं. महिनाभर हाच तमाशा चाले. आणि सांडलं की मालकांचा दुसरा नियम. ते गल्ल्यावरून मानसुद्धा वर न करता म्हणायचे, "पूस, आणि दुसरा आण." एकदा कप्तानांनी, ते अगदी नवखे असताना, एका वकिलाच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर अख्खं टोमॅटो सूप उपडं केलं होतं. वकील लालबुंद झाले, शर्टाने आणि रागानेही. मालक म्हणाले, "पूस, आणि दुसरं आण." सांडलं म्हणून त्या हॉटेलात कुणाच्या हातातून ट्रे कधी काढून घेतला गेला नाही. कप्तानांचा मुलगा शाळा सुटली की कोपऱ्यातल्या टेबलावर अभ्यासाला येऊन बसायचा. त्याने हे शंभरदा ऐकलं असेल.

तर असे कप्तान निवृत्त झाले, बायको गेली, तरी गडी खुटखुटीत होता. आपला चहा आपण करायचा, आपले कपडे आपण वाळत घालायचे, आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन वर्तमानपत्र आणायचं. मग एका सकाळी न्हाणीघरात साबणाच्या पाण्यावरून पाय सटकला. आतून कडी होती. मुलाने खांद्याने दार फोडलं, तेव्हा बाप जमिनीवर, मनगट वाकडं, डोळे उघडे. मुलगा लहान पोरासारखा रडला.

मनगट मोडलं होतं. नीट लक्षात ठेवा, मनगट. पाय धडधाकट होते. इस्पितळात कप्तान स्वतःच्या पायांनी चालत गेले, हात गळ्यात बांधून. पण एकदा खाटेवर चढवलं, ते तिथून उतरू देईनात. जरा छातीत कफ आहे म्हणाले, मग रक्त तपासू म्हणाले, मग मोठे डॉक्टर येऊन बघतील म्हणाले. मोठे डॉक्टर मोठे असल्यामुळे वेळेवर येत नव्हते. दुसऱ्याच दिवशी कप्तान खाटेचा कठडा धरून म्हणाले, "बाई, मला जरा जाऊन यायचंय."

"आजोबा, आत्ता कोणी रिकामं नाही. डायपर लावलाय ना? त्यातच करा."

त्यातच करा! ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्याच्या टेबलावर पाण्याचा एक ओघळ राहू दिला नाही, त्याला सांगायचं, त्यातच करा. आणि तेही ओरडून, म्हणजे शेजारच्या खाटांना कळावं. ती बाई वाईट नव्हती; तिच्या एकटीच्या माथी अख्खा वॉर्ड मारलेला होता. वाईट काय होतं, तर एक माणूस जास्त नेमण्यापेक्षा सगळ्यांना डायपर लावणं सोपं आहे, हे कुणीतरी खुर्चीत बसून ठरवलं होतं. कप्तानांनी तोंड भिंतीकडे केलं. कितीतरी वेळ धरून ठेवलं. मग नाही धरवलं.

मनगट सांधलं, तोवर पायांतला जीव गेला. चालत गेलेला माणूस चाकाच्या खुर्चीतून घरी आला. पायाला काही लागलं नव्हतं की मोडलं नव्हतं. ते वापरले नव्हते, एवढंच. निघताना तरुण डॉक्टरने मुलाला सांगितलं, "यांना रोज चालवा. फक्त सांभाळून." मुलाच्या कानात शेवटचा शब्द तेवढा शिरला.

आणि घरात सांभाळणं सुरू झालं. कप्तान खुर्चीच्या हातांवर जोर देऊन जरा उठायला लागले, की आवाज आलाच, "बसा बाबा, बसा! काय हवंय, मी देतो." हॉटेलात हा शब्द कप्तानांचा होता. या, बसा, असं म्हणून त्यांनी कितीजणांच्या खुर्च्या मागे ओढल्या असतील. आता तोच शब्द दिवसभर अंगावर येऊन आदळायचा. स्वयंपाकघराच्या दाराला मुलाने कमरेइतकं लाकडी फाटक बसवलं. रांगणारी मुलं जिन्याकडे जाऊ नयेत म्हणून लावतात, तसलं. का, तर आत गॅस आहे, फरशी गुळगुळीत आहे. न्हाणीघराची कडी काढून टाकली. दार आता नुसतं लोटायचं, आणि आत गेलं की बाहेरून मुलगा विचारणार, "झालं का?" चालायचंच झालं तर मुलगा एका बाजूने दंड धरणार आणि पावलापावलाला बजावणार, "खाली बघा. बाबा, खाली बघा. पायाकडे लक्ष द्या."

कप्तान खाली बघायचे. खाली आपलीच दोन पावलं दिसायची, सुजलेली, अनोळखी, आणि पावलांपुढची ती एवढीशी फरशी एखाद्या विहिरीसारखी वाटायची. पाय उचलायचाच नाही. जमिनीला चिकटून बसायचा. "बघा, नाही जमत ना? बसा," मुलगा म्हणायचा. त्याच्या आवाजात सुटकेचा निःश्वास असायचा, आणि कप्तानांना तोच जास्त झोंबायचा.

मुलाचं प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? फोडलेल्या दाराचा दणका त्याच्या खांद्यात अजून होता. पण धास्ती त्याच्या मनात, आणि बांधून घातलं बापाला, हा कुठला न्याय?

अशात, आजवर घरूनच काम करणाऱ्या मुलाला कंपनीने सहा महिन्यांसाठी दुसऱ्या गावी पाठवायचं ठरवलं. सुनेची नोकरी सकाळी नेणारी आणि दिवेलागणीला सोडणारी. दिवसा घरी कोण? गावाबाहेर एक सेवाकेंद्र होतं, तिथे तेवढे महिने ठेवायचं ठरलं. कप्तानांनी खळखळ केली नाही. परिस्थिती त्यांनाही दिसत होती. पण जेवताना मुलगा सुनेला म्हणाला, "त्यांच्याकडे दोन बाजू आहेत. पुढे बागेकडे चालते-फिरते, आणि मागे झोपून असणारे. मी म्हटलं, मागचीच बघा. तिथे उठायचंच नाही, त्यामुळे पडायची भीती नाही. सगळं खाटेवरच करतात."

कप्तानांचा घास हातातच राहिला. इस्पितळातल्या काही आठवड्यांच्या मुक्कामात पायांची ही गत झाली होती. सहा महिने खाटेवर काढल्यावर काय उरणार, हे समजायला डॉक्टर व्हावं लागत नाही. सहा महिन्यांनी मुलगा परत येईल, आणि बाप म्हणून एक गाठोडं घरी घेऊन येईल.

"मी झोपून नाहीये," कप्तान म्हणाले. "मला चालता येतं."

"हो बाबा," मुलगा म्हणाला. लहान मूल म्हणतं मी राजा आहे, तेव्हा आपण जसं हो म्हणतो, तसं. "रविवारी त्यांच्या बाई बघायला येणार आहेत. त्या ठरवतील."

त्याच्या आदल्या दिवशी दुपारी कॉफीवाला आला. हॉटेलातल्या कॉफीच्या काउंटरवर हा माणूस कप्तानांइतकीच वर्षं उभा होता. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, समोरचं सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसायचं, पण जीभ तल्लख. मुलगा जायच्या तयारीसाठी बाहेर होता, सुट्टीमुळे घरी असलेली सून कोपऱ्यावरच्या दुकानात गेली होती आणि दार नुसतं लोटलेलं होतं. कॉफीवाला काठीने उंबरा चाचपत आत आला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत धपकन बसला.

"आहेस का गेलास रे?"

"आहे. जायचं तर मुलाची परवानगी काढावी लागेल."

"मला वाटलं नुसता हात मोडला. जिभेला धार आहे अजून." मग जरा थांबून म्हणाला, "गिऱ्हाईक केव्हाचं येऊन बसलंय, टेबलावर पाणी नाही. काय दिवस आले हॉटेलला!"

तो थट्टेत म्हणाला. पण ते वाक्य कप्तानांच्या कानांतून परस्पर पायांत उतरलं. गिऱ्हाईक बसलेलं आणि टेबल कोरडं, ही शरमेची गोष्ट. ते उठले. कुणी "बसा" म्हणालं नाही, कारण म्हणणारं घरात नव्हतं, आणि जो होता त्याला दिसत नव्हतं. भिंतीला हात लावत ते फाटकापर्यंत गेले. फाटकाची कळ वरून दाबून ओढायची होती; ती ओढताना त्यांनी एक अस्सल शिवी हासडली. आत गेले. दूध तापवलं, कॉफी केली. सांधलेल्या मनगटाने कुरकुर केली, तिकडे लक्ष दिलं नाही. वरच्या फळीवरून चिनी मातीचे कप काढले, बशा काढल्या, ट्रे काढला.

"साखर जास्त ढवळतोयस," बाहेरून कॉफीवाला ओरडला.

"आंधळ्याने कानाने बघू नये," कप्तान ओरडले.

आणि ट्रे डाव्या तळहातावर, उजव्या हाताचा आधार देऊन, ते दारातून बाहेर पडले. समोर खिडकी होती आणि खिडकीच्या उजेडात कॉफीवाल्याचं पांढरं डोकं. कप्तानांची नजर त्या डोक्यावर गेली, तिथेच राहिली, आणि मधली खोली संपली. कप टेबलावर ठेवून, कान गिऱ्हाइकाच्या उजव्या हाताकडे फिरवून झाल्यावरच त्यांना कळलं की आपण काय केलं.

"अरे," कॉफीवाला म्हणाला, "तू चालत आलास?"

"नाही, उडत आलो."

"चपला ऐकल्या मी तुझ्या. हॉटेलात गर्दीच्या वेळी वाजायच्या, तशाच वाजत होत्या. जरा हळू, एवढंच."

कप्तानांना दरदरून घाम फुटला. ट्रे ठेवायला ते परत निघाले आणि सवयीने खाली बघितलं. पाय जागच्या जागी थिजला. त्यांनी डोळे वर उचलले, स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या घड्याळावर रोखले. पाय सुटला. पुन्हा खाली बघितलं, पुन्हा थिजला. मग ते फाटकाला धरून उभ्याउभ्या हसायला लागले, आणि हसताहसता डोळे भरून आले. एवढे महिने घरातली माणसं दंड धरून, जीव तोडून, त्यांना कपाकडे बघायला लावत होती.

सून परत आली तेव्हा कॉफीवाला निघून गेला होता. ओट्यावर चिनी मातीचे दोन कप धुऊन पालथे घातलेले होते, आणि फाटकाची कळ अर्धवट लागलेली. तिने कपांकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे मोठ्या बारकाईने खिडकीबाहेरचा रस्ता बघत होते. त्या संध्याकाळी तिने त्यांना चहा कपबशीत दिला, अर्धा भरून.

रविवारी सेवाकेंद्राच्या बाई आल्या. गोड बोलायच्या, आवाज दोन घरं ऐकू जाईल असा. "काय आजोबा, कसं वाटतंय? जेवलो का आपण?" कप्तानांनी मागे वळून पाहिलं. जेवणारं दुसरं कोणी नव्हतं.

"चालून दाखवता का जरा? दारापर्यंत?"

कप्तान उठले. दाराच्या वरच्या कोपऱ्यावर नजर लावायची, असं त्यांनी रात्रीच ठरवून ठेवलं होतं. पण मुलगा लगेच पुढे झाला, त्याने दंड धरला. बाईंनी दुसरा दंड धरला. "सावकाश हं. खाली बघा. खाली बघा आजोबा, कार्पेट आहे!" दोन्हीकडून दोन आवाज, दोन पकडी. कप्तानांनी मान झटकली, दार शोधायला बघितलं, तर मुलाचं घाबरलेलं तोंडच मध्ये आलं. नजर घसरली, खाली गेली. पाय जागीच चिकटला. गुडघा वाकला आणि दोघांनी त्यांना अल्लाद उचलून परत खुर्चीत ठेवलं.

"नाही जमत त्यांना," बाई मुलाला म्हणाल्या. कप्तानांना नाही. मुलाला. जणू खुर्चीत माणूस नसून एखादं कपाट आहे आणि ते जिन्यातून वर चढेल की नाही, याचा विचार चाललाय. "मागच्या बाजूलाच ठीक. खाट आहे रिकामी."

"सोडा मला, मग चालतो की नाही ते बघा!" कप्तान गरजले.

"आजोबा रागावले," बाई म्हणाल्या आणि हसल्या.

सून चहा करायला आत गेली होती. कप्तानांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला. मुलगा बाईंना काहीतरी विचारत होता, त्याची पाठ होती. कप्तान भिंतीच्या कडेने फाटकापर्यंत पोहोचले. आत चहा कपांत ओतून झाला होता. सुनेने वर पाहिलं.

"दे इकडे," कप्तान म्हणाले.

तिचा हात थबकला. चहा कढत होता, बाहेर नवरा होता. मग तिने पुढे होऊन फाटक उघडलं, पार भिंतीला टेकेपर्यंत मागे ढकललं, आणि ट्रे त्यांच्या तळहातावर ठेवला. "जा बाबा," ती हळूच म्हणाली.

ते निघाले. बाईंच्या डोक्यामागे खिडकी होती. कप्तानांनी खिडकीच्या कडीवर नजर रोखली आणि चालू लागले. पाठ आपोआप सरळ झाली. अर्धी खोली पार झाली. मग मुलगा वळला.

"बाबा! खाली बघा!" तो झेपावला आणि त्याने ट्रेला हात घातला.

जे व्हायचं ते झालं. कप घसरले, एक फुटला, चहा कार्पेटवर आणि मुलाच्या पँटवर. कप्तान मात्र उभेच होते, रिकामा ट्रे हातात घेऊन.

"बघा," बाई म्हणाल्या, "म्हणूनच मी म्हणत होते."

"काय बघा?" कप्तानांचा आवाज चढला. "काय बघायचं? मी चालत आलो ते दिसलं नाही? सांडलं ते याने हात घातला म्हणून! मी उभा आहे. अजून उभा आहे मी!"

बाई गडबडल्या नाहीत. रोजचंच होतं त्यांचं. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच खऱ्या माणसासारखं म्हणाल्या, "खरं सांगू का आजोबा? चालणारी माणसं पडतात. पडली की घरचे आमच्यावर येतात. झोपलेली माणसं पडत नाहीत."

"मेलेली तर मुळीच पडत नाहीत," कप्तान म्हणाले.

मुलगा भिजलेल्या पँटने, फुटलेल्या कपाचा कान हातात धरून उभा होता. कप्तानांनी त्याच्याकडे पाहिलं.

"बस," ते म्हणाले.

"बाबा, तुम्ही..."

"तू बस. गिऱ्हाइकाने उठायचं नसतं."

मुलगा बसला. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. कप्तान वळले, आत गेले, ओट्यावरचा पंचा खांद्यावर टाकला. सुनेने उरलेला चहा ओतला. ते पुन्हा निघाले. मुलाच्या ओठांवर "खाली" आलेलं सगळ्यांना दिसलं. त्याने ते गिळलं. कप्तान पावलं मोजत नव्हते, बघत नव्हते. बशा किणकिणत होत्या, सांडलेल्या चहावरून चप्पल चिकटत होती, पण ते आले. बाईंपुढे कप ठेवला, कान उजवीकडे फिरवला. बशीत थोडा चहा आलाच होता. खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी तो टिपला.

"अरे वा!" बाईंनी टाळ्या वाजवल्या. "आजोबा तर एकदम हिरो निघाले! मग आता बागेकडची खोली पक्की, हं?"

कुणालाही वाटेल, कप्तान आता हसतील. कप्तान पेटले.

"टाळ्या कशाला?" ते म्हणाले. त्यांनी टेबल धरलं. "मी चहा आणला म्हणून मला चालायची मुभा? आणि उद्या नाही आणता आला तर? हात आहे हा, आज ऐकला, उद्या नाही ऐकणार. उद्या कप सांडेल. परवा मी पडेनही. मग काय कराल? निजवाल मला? डायपर लावाल आणि सांगाल, त्यातच करा?"

बाईंनी कप खाली ठेवला. प्रश्न त्यांना विचारलेलाच नव्हता. कप्तान मुलाकडे बघत होते. त्या इस्पितळातल्या खाटेबद्दल ते घरात आजवर एका अक्षराने बोलले नव्हते. मुलाचा चेहरा पांढरा पडला.

त्याने मांड्यांखालून हात काढले. उठला. कप्तानांना वाटलं, आता हा दंड धरणार. पण तो त्यांच्याजवळून पुढे गेला, बापाच्या हातातला पंचा घेतला, गुडघ्यांवर बसला आणि कार्पेटवरचा चहा पुसायला लागला. मान वर न करता म्हणाला, "पुसायचं बाबा. आणि दुसरा आणायचा."

मग तो बाईंकडे वळला. "खोली बागेकडची द्या. पडले तर उचला, मी तुमच्यावर येणार नाही. पण त्यांना निजवायचं नाही. आणि एक सांगतो, त्यांना खाली बघायला कुणी सांगायचं नाही."

कप्तान खुर्चीपर्यंत आले आणि बसले. कुणी बसवलं नाही, आपणहून बसले. छाती भात्यासारखी हलत होती, राग अजून उतरला नव्हता.

"सूनबाई," त्यांनी हाक मारली, "माझा चहा राहिला. आणि पुरा भरून दे."